ढगीच्या गुडघ्यांखाली

मी एक जुनी रबरी मॅट आहे. घोड्यांच्या तबेल्यात, फाटकाकडून तिसऱ्या ठाणात, म्हणजे एका घोड्याच्या खणात, जमिनीला पोट टेकून पडून असते. पण मित्रांनो, माझी गोष्ट माझ्यापासून सुरू होत नाही. ती एका खोलीपासून सुरू होते. कोणी नवी वस्तू आणली की मी आधी बघते, आणणाऱ्याला त्यातून काय मिळणार आहे. वस्तूची गरज होती, हे कारण बहुधा सगळ्यांत शेवटी निघतं.

मला आणण्यात भाऊंना मिळणार होती एक खोली.

हा तबेला दोघा भावंडांचा. थोरल्या ताई मुलांना घोड्यावर बसायला शिकवतात. धाकटे भाऊ बाकीचं सगळं बघतात. म्हणजे दाणा कधी मागवायचा, छपराची पन्हळ कधी दुरुस्त करायची, आणि ताईंनी ठरवलेलं कसं जमणार नाही हे ताईंना कधी सांगायचं. ही सगळी कामं ते खोगिरांच्या खोलीत, एका पालथ्या पेटीवर बसून करायचे. डोक्यावर लगाम लोंबत असायचे. मान जरा वर केली की रिकीब कपाळावर आपटायची. आणि अंगणापलीकडे, माझ्या ठाणाच्या नेमकी समोर, चांगली ऐसपैस, खिडकीची, रुंद दाराची एक खोली होती. तिच्यात छतापर्यंत पेंढा रचलेला. भाऊ येता-जाता त्या पेंढ्याकडे असे बघायचे, जसा काही तो भाडं न देता राहणारा पाहुणा आहे. त्यांना तिथे काच लावलेलं टेबल हवं होतं आणि एक फिरती खुर्ची. 'आटोपशीर' हा त्यांचा आवडता शब्द. जगातली निम्मी दुःखं माणसाला आटोपशीर बसायला जागा नसल्यामुळे होतात, असं त्यांचं मत होतं.

ताईंना मिळणार होते ढगीचे पाय.

ढगी म्हणजे ढगाच्या रंगाची राखाडी घोडी. तरुणपणी ताई तिच्यावर बसून अडथळ्यांवरून उड्या मारायच्या. पुढे ज्या मुलाला घोड्याची भीती वाटे, त्याला ढगीच्या पाठीवर बसवायचं, असा इथला रिवाजच पडला. कोणी तिची आयाळ ओढली, कोणी भीतीने पोटाला टाचा रुतवल्या, कोणी नुसताच रडला. ढगी भिंतीसारखी उभी राहायची. रडणं थांबलं की एक पाऊल टाकायची, तेही विचारून टाकल्यासारखं. अशा शेकडो मुलांना चालवता चालवता तिचे पुढचे गुडघे कामातून गेले.

ठाणातली जमीन काँक्रीटची होती. वर पेंढा घालत, पण उठताना ढगीचे खूर तो बाजूला सारत आणि खालचं टणक काँक्रीट उघडं पडे. एकदा अशीच उठताना ती घसरली आणि दोन्ही गुडघ्यांवर आपटली. तेव्हापासून तिने आडवं होणंच सोडलं. घोडा उभ्याने डुलकी काढतो हे तुम्ही ऐकलं असेल. पण गाढ झोप लागायला त्यालाही अंग टाकावं लागतं. ढगी उभ्या उभ्या पेंगायची, गुडघे दुमडायचे, ती दचकून सावरायची. दुखऱ्या पायांवर चोवीस तास उभी, आणि झोप नाही. घोड्यांना तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी तिला कुरणात सोडायलाही बंदी केली, कारण तिथला उतार तिला झेपणारा नव्हता.

"खाली रबर हवं," ताई म्हणाल्या. "मऊ, आणि पकड देणारं."

"आणू की," भाऊ म्हणाले.

ताईंनी हातातला ब्रश खाली ठेवला. भाऊ इतक्या चटकन हो म्हणाले म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, हे त्या लहानपणापासून ओळखून होत्या.

"पण मग पेंढा बंद," भाऊ म्हणाले. "सगळ्याच ठाणांत रबर घालू. रबरावर पेंढा म्हणजे गादीवर गादी. पेंढा गेला की ती खोली मोकळी. ती मला."

"घे."

"मागाहून म्हणशील, अरे, जरा एक कोपरा दे."

"नाही म्हणणार. शब्द दिला."

सौदा झाला. दोघांनाही वाटलं, आपण स्वस्तात सुटलो. असा सौदा झाला की मला एक सवय आहे. ज्याला कोणी विचारलं नाही असं तिसरं कोण होतं, ते मी शोधते. इथे तिसरी होती ढगी.

आता माझ्याविषयी. मित्रांनो, मागच्या जन्मी मी टायर होते. एकच नव्हे, कितीतरी. माझ्यात बसचा टायर आहे, मालवाहू ट्रकचा आहे, एखाद्या मुलाच्या सायकलचाही असेल. झिजलेल्या टायरांचा कारखान्यात चुरा झाला, चुरा साच्यात घातला, वरून उष्णतेचा असा दाब आला की बस कोण आणि सायकल कोण हा फरकच उरला नाही. बाहेर आले ती काळी, जाड, वजनदार. पाठीवर बारीक गाठी, खूर घसरू नये म्हणून. पोटाला खाचा, खाली गेलेलं पाणी वाहून जावं म्हणून. टायर असताना माझं काम होतं सतत पुढे जाणं. आता काम एकच, हलायचं नाही. मी मनाशी पक्कं केलं की हे काम मी चोख करीन. धावणाऱ्याने थांबणं शिकायचं म्हणजे थोडीथोडकी गोष्ट नाही.

आम्ही बहिणी बहिणी आलो. आम्हाला उतरवताना मोतद्दाराची कंबर धरली. मोतद्दार म्हणजे घोड्यांचं सगळं करणारा माणूस. त्यांना इथे सगळे मामा म्हणतात.

"ही काय मॅट आहे," मामा म्हणाले. "हे झोपलेलं म्हशीचं रेडकू आहे."

"एकदा घातली की झालं, मामा," भाऊ म्हणाले. "पेंढा वाहणं बंद, पसरणं बंद, ओला पेंढा उपसणं बंद. तुमच्याच कमरेचा विचार केला मी."

"माझ्या कमरेला कळवतो," मामा म्हणाले, "तिचा कोणीतरी विचार केला म्हणून."

ठाणाच्या मापाने मला कापलं. निघालेला लांबट तुकडा भाऊंनी उचलला आणि आपल्या नव्या खोलीच्या दारात पाय पुसायला टाकला. टाकून दिल्यापेक्षा ते बरं. समोरच्या दारात आपलाच एक तुकडा पडलेला दिसला की परक्या जागीही नातेवाईक असल्यासारखं वाटतं.

ढगी पहिल्यांदा माझ्यावर आली तेव्हा दारातच अडली. वास घेतला, फुरफुरली, एक खूर टेकवून परत उचलला. मग चारही पाय आत आले. नालांचा टक टक आवाज गेला आणि एक दबका धप धप उरला. मी तिचा भार अंगावर घेतला, जिथे हवं तिथे किंचित दबले, आणि बाकी घट्ट राहिले. आठवड्याभरात तिच्या पायांची सूज उतरली. नालबंद नाल बदलायला आला, त्याने पाय उचलून मांडीवर घेतला आणि म्हणाला, "ही मागच्या खेपेला पाय उचलू देत नव्हती. काय केलंत?" ताईंनी नुसतं माझ्याकडे बोट दाखवलं. नालबंदाने वाकून मला थोपटलं. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी. तिकडे पेंढ्याचा शेवटचा भारा गेला, खोली धुतली गेली, खिडकीची काच पुसली गेली. भाऊ रिकाम्या खोलीच्या मधोमध हात मागे बांधून उभे राहिले आणि जागच्या जागी गोल फिरले. खुर्ची यायची होती, पण फिरायला सुरुवात झाली होती.

आणि मग बिनसलं.

तुम्ही नाक मुरडाल, पण तबेल्यात ज्या गोष्टीवर सगळं अवलंबून असतं ती सांगायलाच हवी. ढगी मुतेना. दिवस दिवस धरून ठेवी. पाय फाकून, पाठ ताणून उभी राही, कान मागे पाडी, आणि काही न करता पुन्हा नीट उभी राही. अगदीच असह्य झालं की थोडंसं करी, आणि पाय झाडत मागे सरके, जसं काही मीच तिला काही केलंय. बाकीच्या घोड्यांचं असं काही नव्हतं. ते दिवसभर कुरणात असत, तिथेच गवतावर मोकळे होऊन येत. दुखणं होतं ते एकट्या ठाणबंद ढगीचं. ती आडवीही होईना. माझ्यावर सरळ उभी राही, माझ्याकडे मान खाली घालून बघे, आणि अंग काही टाकत नसे.

मोतद्दार लोक घोड्याला मोकळं करायला हलकी शीळ घालतात. मामांच्या शिळेचा लौकिक होता. त्यांनी लांब शीळ घातली, आखूड घातली, भिंतीआडून घातली. पलीकडच्या ठाणातला म्हातारा घोडा दर खेपेला मोकळा व्हायचा. ढगी ढिम्म.

"मामा, आता बासरी आणा," भाऊ म्हणाले.

"आणतो. तुम्ही खोलीत बसून ढोलकी धरा."

मग मामांना वाटलं, तिला रबराचा वास सोसत नसेल. त्यांनी मला फिनेलने घासलं. आता मला दोन वास आले. ढगी शिंकली, आणि भिंतीच्या कडेला, जिथे माझी किनार संपते तिथे, चारही खूर गोळा करून उभी राहू लागली. तेवढ्या जागेत घोडी मावते हे बघून मला माझ्या रुंदीची लाज वाटली.

ताईंनी एका दुपारी माझा कोपरा धरला आणि ओढून उलटा केला. "काढूनच टाकते," त्या म्हणाल्या. "ही आल्यापासून सुरू झालंय."

"आणि खाली काय, काँक्रीट?" मामा म्हणाले. "पाय सुधारलेत ताई तिचे. पाय बघा."

ताईंनी पाय बघितले. कोपरा त्यांच्या हातातून सुटला आणि मी धप्पकन परत जागेवर पडले. तुमच्या वाट्याला असा आळ आलाय का कधी, की ज्या कामाला ठेवलं ते तर नीट होतंय, पण त्याच कामापायी दुसरं काहीतरी बिघडतंय? अशा वेळी पळून जावंसं वाटतं. मला पळता येत नव्हतं. मी ठरवलं, नाही आवडत तर नको आवडू दे, पण हिचा खूर जिथे पडेल तिथे मी असणार.

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी पोटाला कान लावला, रक्त तपासायला नेलं, दोन दिवसांनी पुन्हा आल्या. "आजार सापडत नाही," त्या म्हणाल्या. "पण असं धरून ठेवत राहिली तर आत बिघाड होईल, आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही. झोपही नाही तिला. ही जागा तिला सोसत नसेल तर जागा बदला."

भाऊंच्या ओळखीचे एक गृहस्थ होते. ते म्हातारे घोडे सांभाळत. त्यांच्याकडे मातीची जमीन होती, पण जागा फार लांब, ट्रकने अख्ख्या दिवसाची वाट.

"एवढा प्रवास तिच्या गुडघ्यांना झेपेल का?" ताईंनी विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी स्टेथोस्कोप गळ्यातून काढला, गुंडाळला आणि पिशवीत ठेवला. "सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "खाली पडली तर उठवणं कठीण जाईल."

त्या दिवशी ताई ढगीच्या ठाणात बराच वेळ बसल्या. माझ्यावरच बसल्या. उठताना एक तळहात माझ्यावर टेकला आणि जोर देऊन उठल्या. तळहात घसरला नाही. ते त्यांच्या लक्षातही आलं नसेल. माझ्या आलं.

ट्रक ठरला. आणि इथे भाऊंचा आटोपशीरपणा बघा. ट्रक येताना रिकामा कशाला यायचा, म्हणून त्यांनी त्याच ट्रकमधून आपलं टेबल आणि खुर्ची मागवली. टेबल उतरणार, ढगी चढणार, एका फेरीत दोन कामं. त्यात वाईट हेतू नव्हता हो. सगळ्या गोष्टी नीट बसल्या की त्यांना बरं वाटायचं, आणि त्या दिवशी बरं वाटण्याजोगं दुसरं काही नव्हतं.

सकाळी ट्रक आला. टेबल एका लाकडी खोक्यात होतं, आणि काच फुटू नये म्हणून खोक्यात गच्च पेंढा भरला होता. भाऊंनी खोकं खोलीतच उघडलं. टेबल निघालं, काच निघाली, पाठोपाठ फिरती खुर्ची आली, आणि नव्या धुतलेल्या फरशीवर घोट्याएवढा पेंढा झाला.

"मामा, हा पेंढा उचला."

"उचलतो," मामा म्हणाले. "ठेवू कुठे? पेंढ्याची खोली होती पूर्वी एक. तिचं काय झालं कोणास ठाऊक."

इकडे ताईंनी ढगीला बाहेर काढलं. माझं दार सताड उघडं राहिलं, म्हणून पुढचं सगळं मला दिसलं.

ट्रकची फळी खाली टेकवलेली होती. ढगीने फळीवर एक खूर ठेवला. मग मान वळवली. नाकपुड्या रुंदावल्या. फळीवरचा खूर तिने खाली घेतला आणि ती चालू लागली. पळाली नाही हं, पळण्याचं तिचं वय नव्हतं. घरात विसरलेली वस्तू आणायला माणूस परत फिरतो, तशी निघाली. ताईंनी दोर धरला होता. त्या दोरासकट ओढल्या गेल्या.

"अहो ताई, तिला धरा," ट्रकवाला म्हणाला.

"मी धरलंय. तिनेच मला धरलंय."

ढगी अंगण ओलांडून सरळ भाऊंच्या खोलीच्या दारात गेली. दार रुंद होतं, पेंढ्याचे भारे आत न्यायला केलेलं. माझ्या तुकड्यावर पाय पुसल्यासारखी दोन पावलं टाकून ती आत शिरली. पेंढ्यात मधोमध उभी राहिली, नव्या टेबलापासून हातभर अंतरावर. पाय फाकले. पाठ ताणली. डोळे मिटले.

मग जे सुरू झालं ते संपेचना. भाऊ खुर्चीवर पाय वर घेऊन बसले होते. ती खुर्ची फिरती असल्यामुळे, आणि त्यांनी घाबरून टेबलाला ढकलल्यामुळे, ते हळूहळू गोल फिरत होते. मामा दारात उभे होते. त्यांच्या तोंडून सवयीने शीळ निघत होती, तिची काही गरज नसताना.

शेवटी ढगीने एक लांब निःश्वास सोडला. इतका लांब की टेबलावरचे भाऊंचे कागद उडाले.

पहिले बोलले भाऊ. खुर्ची भिंतीकडे तोंड करून थांबली होती, त्यामुळे ते भिंतीशीच बोलले.

"उडालं नाही," ते म्हणाले.

"काय?"

"एक थेंब उडाला नाही, ताई. मी इथे बसलोय, माझ्या विजारीवर एक थेंब नाही. पेंढ्याने सगळं पिऊन टाकलं." ते पायाने खुर्ची वळवत ताईंकडे फिरले. "रबरावर काय होत असेल? सगळं उसळून तिच्याच पायांवर, पोटावर येत असेल. तू उभी राहशील तिथे?"

मित्रांनो, हीच गोष्ट मी रोज माझ्या पाठीवर बघत होते. थोडंसं पडायचं, उसळायचं, आणि ती पाय झाडत मागे सरकायची. मी पाणी पीत नाही. तो माझा गुण म्हणून मला विकलं होतं. गुण नको त्या जागी खर्ची पडला की त्याचा कसा उपद्रव होतो, ते मला त्या दिवशी कळलं.

ताई भाऊंकडे बघत राहिल्या. त्यांना खोली मागायची होती, आणि मागणार नाही असा शब्द त्यांनीच दिला होता. भाऊंनाही ते माहीत होतं. त्यांनी टेबलाच्या काचेवरून एकदा हात फिरवला.

"कोरडा आहे तेवढा पेंढा गोळा करा, मामा," ते म्हणाले. "पातळच घाला. खाली रबर आहेच."

"मग हिला चढवायचं की नाही?" ट्रकवाल्याने विचारलं. "मला लांब जायचंय."

"चहा घेऊन या," ताई म्हणाल्या.

"घेतलाय."

"मग जेवून या."

पेंढा माझ्यावर पसरला. विटेच्या जाडीचा थर, त्याहून जास्त नाही. ढगीला आत सोडलं, आणि ताईंनी सगळ्यांना अंगणाबाहेर पिटाळलं. त्या स्वतः खोगिरांच्या खोलीच्या फटीतून बघत राहिल्या. भाऊ आपल्या खिडकीतून. ज्या खिडकीसाठी त्यांनी इतका खटाटोप केला होता, तिचा पहिला उपयोग हा झाला.

ढगी बराच वेळ उभी होती. पेंढ्याची एक काडी चघळली. एकदा गोल फिरली. पुन्हा उलटी फिरली. मग तिने पुढचे पाय दुमडले.

तो भार मला आजही आठवतो. आधी डावा गुडघा, मग उजवा. दोन्ही माझ्यावर टेकले आणि क्षणभर तिथेच थांबले, मला तपासत. पेंढ्याखाली मी माझी सगळी जाडी एकवटली. मग मागचा भाग खाली आला, आणि ती अख्खी घोडी एका कुशीवर पडली. थोड्या वेळाने ती घोरू लागली. तिचे ओठ हलत होते, एक खूर झोपेतच पेंढा उकरत होता. मला वाटतं ती उडी मारत असावी.

पण खरी परीक्षा झोपायची नव्हती, उठायची होती. ताईंच्या मनातही तेच होतं. घसरली असती तर पुन्हा कधीच आडवी झाली नसती, आणि मग तो ट्रक होताच.

ढगी जागी झाली. तिने पुढचे दोन्ही पाय समोर रोवले. पेंढा खुरांनी बाजूला सारला गेला, नेहमीसारखा. पूर्वी तिथे काँक्रीट असायचं. आज तिथे मी होते. नाल माझ्या गाठींत रुतले. तिचं सगळं वजन त्या दोन खुरांवर आलं, तेव्हा माझी कड भिंतीला जाऊन भिडली आणि मी तिथून हलले नाही. टायर असताना ओल्या रस्त्यावर ब्रेक लागला की जी पकड धरायची असते, ती मी धरली. माझ्यातल्या बसने धरली, ट्रकने धरली, सायकलनेही धरली असेल. गुडघे थरथरले, सरळ झाले, आणि ढगी उभी राहिली. तिने अंग झाडलं. पेंढ्याच्या काड्या उडून दारापर्यंत आल्या.

ताई फटीमागून बाहेर आल्या. त्या माझ्यावर येऊन ढगीच्या मानेत तोंड खुपसून उभ्या राहिल्या. ट्रकवाला जेवून आला होता. "मग?" तो म्हणाला.

"फळी उचला," भाऊंनी खिडकीतून सांगितलं. "रिकामेच जा."

ज्या माणसाला ट्रक रिकामा येणं सोसत नव्हतं, त्याने तो रिकामा परत पाठवला. माझ्या मते भाऊंच्या आयुष्यातला तो सगळ्यांत कमी आटोपशीर निर्णय, आणि सगळ्यांत चांगला.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. मधे एक काळ असा आला की सगळ्यांना वाटलं, आता मॅट आहे, वर पेंढा आहे, काळजी मिटली. मला कोणी उचललं नाही. माझ्या कडेने झिरपलेलं पाणी पोटाच्या खाचांत साचलं, लीद अडकली, डोळ्यांना झोंबेल असा वास सुटला. ढगी खोकू लागली. तेव्हा मामांनी कोपरा उचलला, आत बघितलं आणि म्हणाले, "आमचंच डोकं ठिकाणावर नव्हतं." तेव्हापासून मला नियमाने उचलतात, खालची जमीन धुतात, मला भिंतीला टेकवून उन्हात वाळवतात. एक टोक धरायला मामा असतात, दुसरं टोक भाऊ धरतात आणि दर वेळी विजारीला डाग पडला म्हणून कुरकुरतात.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे कोणताही मुका जीव असेल, तर नवी वस्तू आणून सुटलो असं समजू नका. मी रबर आहे. मला भार घेता येतो, पकड देता येते. मला ओल पिता येत नाही आणि ऊबही धरता येत नाही. माझ्यावर थोडा पेंढा टाका, ओला झालेला रोज काढा, आणि मला अधूनमधून उचलून माझ्याखाली काय चाललंय ते बघा. आणि त्या जिवाने एखाद्या जागी पाय ठेवायला नकार दिला, तर त्याला दटावण्याआधी एकदा त्याच्या जागी उभे राहून बघा. भाऊंना ते खुर्चीवर बसून कळलं. तुम्हाला उभ्याने कळेल.

आता शेवटचा ताळा, कारण तो केल्याशिवाय मला चैन पडत नाही. या सौद्यात कोणी काय भरलं? भाऊंनी खोली. त्यांचं टेबल अजून तिथेच आहे, पण तीन बाजूंनी पेंढा आहे आणि खुर्ची आता अर्धीच फिरते. ताईंनी शब्द दिला होता, तो त्यांच्या वतीने भाऊंनीच मोडला. त्यामुळे ताईंच्या नावावर भावाचे उपकार चढले, आणि ते भाऊ त्यांना विसरू देत नाहीत. मामांनी कंबर दिली. पेंढा वाहायचाच, वर मॅटही उचलायची. ट्रकवाल्याचा एक दिवस गेला. माझ्या पाठीवर दोन जागा आहेत, एकमेकींशेजारी, तिथल्या गाठी झिजून सपाट झाल्या आहेत. ढगी दुपारी आडवी होताना गुडघे नेमके तिथेच टेकते.

राहिली ढगी. तिच्या नावापुढे आम्ही कोणी काही मांडलं नाही. हा सौदा होण्याआधीच, एकेका रडणाऱ्या मुलाला पाठीवर घेऊन, तिने आपला वाटा त्याच दोन गुडघ्यांतून भरून टाकला होता.